शिनो करताना या चुका टाळा

शिनो, म्हणजे जाड पांढऱ्या ग्लेझची जपानी भांडी, करायला निघालेला माणूस पहिल्यांदा ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं, प्रमाण विचारतो. चूक इथेच होते. शिनोचं ग्लेझ म्हणजे जवळजवळ निव्वळ फेल्डस्पार हे खनिज. भांड्याचा जीव मातीत असतो.

मातीकडे न बघण्याची चूक जपानात भल्याभल्यांनी केली. सोळाव्या शतकाच्या अखेरची शिनो भांडी सेतो या कुंभारगावची, असंच सगळे धरून चालले होते. १९३० साली कुंभार आराकावा तोयोझो यांच्या हाती नागोयात एक जुना वाडगा आला, त्यावर बांबूचा कोंब रंगवलेला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. बुडाच्या कड्याला तांबूस मातीचा कण चिकटला होता, आणि ती माती सेतोची वाटेना. दोन दिवसांत ते मिनो प्रांतातल्या ओगायाला गेले. तिथे मुताबोराच्या पडक्या भट्टीपाशी तसाच कोंब असलेली खापरी मिळाली; म्हणजे शिनो मिनोची होती. पुढे १९३३ मध्ये त्यांनी तिथेच जुन्या पद्धतीची, अर्धी जमिनीत गेलेली भट्टी बांधली.

म्हणून भांडं आधी उलटं करा. मिनोची मोगुसा माती रेताड, हलकी आणि कमी लोहाची. पाकिटातल्या गुळगुळीत मातीवर तेच ग्लेझ नुसतं पांढरं बसतं. भरड, उष्णता सोसणारी माती घ्या, बारीक चाळू नका, बुडाला ग्लेझ लावू नका.

दुसरी चूक घाईची, आणि ती अक्षम्य आहे. वितळलेलं फेल्डस्पार चिकट असतं, बुडबुडे बाहेर पडायला वेळ लागतो. दहा तासांत भट्टी उरकली की फोड तरी येतात, नाहीतर दुधाळ निर्जीव थर. ग्लेझ पातळ असतं त्या कडांवर उमटणारा केशरी रंग, हिइरो, मातीतल्या लोहाचा. भट्टी सावकाश निवताना लोहाला हवा मिळते, तेव्हा तो खुलतो. १२५० वरून ९०० अंशांवर उतरायला निदान एक दिवस द्या. शंभराच्या वर असताना दार उघडायचं नाही.

ग्लेझ पातळ लावू नका, ते जाडच हवं. बिस्कवरची, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या भांड्यावरची, धूळ ओल्या स्पंजने पुसा, नाहीतर ग्लेझ आक्रसून माती उघडी पडते. लोहाच्या रंगाचं चित्र जाड काढलंत तरी तेच होतं.

सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) घालून होतं ते १९७० च्या दशकातलं अमेरिकन शिनो. सुंदर आहे, पण वेगळं आहे. आणि युझु या जपानी लिंबाच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसली म्हणून भांडं परत भाजू नका. ती तशीच हवी असतात.