कॉलेजात मूडल सुरू करताय? आधी एक टेबल मांडा

आमच्या कॉलेजात मूडल, म्हणजे नोट्स, गृहपाठ आणि सूचना ऑनलाइन देण्याचं सॉफ्टवेअर, बसलं, दोन दिवसांची कार्यशाळा झाली, चहा-समोसे झाले. महिन्याभराने उघडून बघितलं तर निम्म्याहून जास्त विषयांची पानं कोरी. अडलं तर विचारायचं कुणाला, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पुढे ते काम माझ्याकडे आलं.

तेव्हा आधी माणूस नेमा. स्टाफरूमजवळ टेबल, रोज 12 ते 2. त्याचे हे तास वर्कलोडमध्ये धरले जातील, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. तोंडी मिळालेला वेळ परीक्षेच्या ड्युट्या लागल्या की गेला.

मग विद्यार्थ्यांची यादी. ती मूडलमध्ये चढवायला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, लागते. एक्सेलमधून नेहमीच्या सीएसव्हीत सेव्ह केलीत तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा. आधी पाचच नावं चढवून बघा. युजरनेम म्हणून पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, द्या. एकाच नावाचे दोघे दर वर्गात निघतात.

खरी कसोटी फॉन्टची. मराठीच्या एक मॅडम पंधरा वर्षांच्या नोट्स पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. पेस्ट केल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची भेळ. "सगळं गेलं का हो?" गेलं काहीच नव्हतं. जुन्या डीटीपी फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजीच्या कोडवर बसवलेली असतात, तो फॉन्ट नसला की मूळ कोड दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही संगणकावर दिसणारी मराठी) करून घ्या, पण पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. मॅडमचं 'अर्थशास्त्र' 'अथर्शास्त्र' होऊन बाहेर आलं होतं. एका धड्याला आम्हाला पाऊण तास लागला, आणि असं काम कार्यशाळेत होत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची अपलोड मर्यादा मुळात 2 एमबी असते, ती वाढवली का? आणि क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप उरकणारा प्रोग्राम, दर मिनिटाला चालतो का? तो बंद असला तर सूचनांचे मेल जातच नाहीत. व्हिडिओ मात्र तिथे चढवू नका. यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच सापडेल असे) ठेवून लिंक द्या.

'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं काम याच माणसाच्या गळ्यात मारू नका. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनी सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. त्यांची क्रेडिट जमा करून घेणं हा वेगळाच कारभार आहे.

टेबलावर एक वही ठेवा: तारीख, कोण आलं, काय अडलं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा 'पासवर्ड विसरलो' आहे. तो बदलून द्यायचा अधिकार ऑफिसातल्या क्लार्कलाही देऊन टाका.