कमरेतल्या इंजेक्शनची तयारी, आणि शुगरच्या पट्ट्या

येत्या गुरुवारी आईला कमरेत दुसऱ्यांदा स्टेरॉइडचं इंजेक्शन आहे, आणि तिला मधुमेह आहे. मागच्या वेळी माझ्या चुकीने तिचे फार हाल झाले, म्हणून हे लिहितोय.

फाइल, एमआरआय, सैल गाऊन हे सगळे घेतातच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.

आता ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर तपासायचं मशीन. मशीन, सुया आणि पट्ट्या. पट्ट्यांची तारीख बघा. मागच्या मे महिन्यात मी बघितली नाही. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी आई गळून गेली, जीभ कोरडी, रात्रीतून पाचदा लघवीला. "अरे, उन्हाने होतंय, सरबत दे," म्हणाली. मी साखरेचं कोकम सरबत दोन पेले भरून दिलं. मशीन कपाटातच होतं, पट्ट्यांची मुदत संपलेली. चौथ्या दिवशी नौपाड्यातल्या लॅबमध्ये शुगर निघाली 412, म्हणजे फारच जास्त.

सुई कमरेत टोचली तरी औषध रक्तात उतरतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. शुगर काही दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. म्हणून घरी आल्यापासून रोज तपासा, आणि नुसती उपाशीपोटीची नाही, जेवणानंतरचीसुद्धा. कितीच्या वर गेली तर फोन करायचा, गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवायचं का, हे इंजेक्शनच्या आधीच मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधीच.

भुलीच्या औषधाने पाय काही तास बधिर राहू शकतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे भाऊ खुर्ची घेऊन खाली थांबणार आहे. परतताना माजिवड्याला गाडी अडकतेच, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

चेहरा लाल आणि गरम होणं, एक-दोन रात्री झोप न लागणं, हे स्टेरॉइडमुळे होतं. दोन-तीन दिवस कंबर जास्तच दुखू शकते, आराम पडायला आठवडाही लागतो. रक्तदाबही बघत राहा. बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर डॉक्टरांना कळवा, सुईने मणक्यातल्या पाण्याच्या पिशवीला भोक पडलेलं असू शकतं. ताप, मान आखडणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायची जागा बधिर होणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत.

बाकी जेवण, गोळ्या नेहमीच्या. पट्ट्या मी आज संध्याकाळीच आणतोय, दोन डब्या.