नळाचं पाणी अचानक बदललं? या चुका टाळा

सकाळी नळ सोडला आणि बादलीत चहासारखं पाणी पडलं, की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "उकळून घे, काही होत नाही." पाणी कशामुळे बदललं, याची चौकशी मागे राहते आणि पातेलं आधी गॅसवर चढतं. पण उकळल्याने जंतू मरतात, तेवढंच. गंज, शिसं किंवा नायट्रेटसारखी रसायनं त्याने पाण्यातून जात नाहीत.

सूचना अर्धवट वाचणं

पाणीपुरवठा करणाऱ्यांकडून येणाऱ्या सूचना ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात आणि लोक त्या सर्रास एकच समजतात.

"पाणी उकळून वापरा" म्हणजे जंतूंची शंका आहे. इथे पाणी नुसतं गरम होऊन चालत नाही. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करणारे बरेच जण असतात. पाणी खळखळून उकळायला हवं आणि तसं एक मिनिट राहायला हवं. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

"पाणी पिऊ नका" ही सूचना बहुधा रसायनासाठी असते आणि इथे उकळणं उलटं अंगाशी येतं. वाफ उडून जाते, नायट्रेट पातेल्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी गेलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. "पाणी वापरू नका" असं म्हटलं असेल तर आंघोळ आणि हात धुणंही बंद.

उकळण्याची सूचना काटेकोर पाळणारे हमखास विसरतात त्या दोन गोष्टी म्हणजे दात घासायचं पाणी आणि फ्रीजमधला बर्फ. बर्फ सूचनेच्या आदल्या दिवशीचा असला तरी टाकून द्या. आणि साध्या कार्बन फिल्टरवर विसंबू नका. तो चव सुधारतो, जंतू मारत नाही.

रंग पाहून घाबरणं किंवा अजिबात न घाबरणं

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि ओट्यावर ठेवा. स्टीलच्या पेल्यात काही कळत नाही. पांढरट, दुधाळ पाणी जर तळापासून वरपर्यंत निवळत गेलं, तर ती निव्वळ हवा आहे. दाबाखाली विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, म्हणून तळ आधी स्वच्छ होतो. एक-दोन मिनिटांत पेला लख्ख. उलट वरचं पाणी निवळून तळाशी गाळ बसू लागला, तर पाणी खरोखरच गढूळ आहे.

तांबूस पाणी बहुधा जलवाहिनीतल्या गंजाचं असतं. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद करून पुन्हा सोडला, की प्रवाहाचा वेग किंवा दिशा बदलते आणि वर्षानुवर्षं बसलेला थर उखडतो. काळपट झाक असेल तर मँगनीज या धातूची शक्यता जास्त. अशा वेळी गरम पाण्याचा नळ सोडू नका, नाहीतर सगळा गाळ गीझरमध्ये जाऊन बसेल. गार पाण्याचा, घरातला सर्वांत खालचा नळ काही मिनिटं वाहू द्या. नाहीच निवळलं तर बंद करून तासाभराने पुन्हा बघा. नंतर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, कण तिथेच अडकतात.

कपड्यांचं तर विचारूच नका. मी एकदा अशा पाण्यात पांढरे शर्ट मशीनला लावले, पिवळट डाग दिसले म्हणून वर ब्लीच ओतलं आणि डाग कायमचे झाले. ब्लीचमुळे लोह आणखी ऑक्सिडाइझ होतं, डाग पक्का बसतो. असे कपडे वाळू देऊ नयेत. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात पुन्हा धुवावेत आणि ब्लीचला हात लावू नये.

क्लोरीनचा वास आला म्हणून पाणी खराब ठरवणं

काही ठिकाणी पाणी एरवी क्लोरामाइनने, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाने निर्जंतुक करतात. वाहिन्यांत अमोनियावर जगणारे जिवाणू वाढू नयेत म्हणून अधूनमधून काही आठवडे नुसतं क्लोरीन सोडतात. त्या काळात वास उग्र येतो. पण जागतिक आरोग्य संघटनेची क्लोरीनसाठीची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे आणि नाकाला त्याच्या खूप आधीच वास कळतो. पाणी काही तास उघड्या भांड्यात ठेवलं की वास बराच उतरतो.

घरी डायलिसिस करणाऱ्यांनी मात्र हा बदल हलक्यात घेऊ नये. पोटात गेलेलं क्लोरीन शरीर निभावून नेतं. डायलिसिसमध्ये ते थेट रक्तात जाऊ शकतं आणि तांबड्या पेशी फुटतात, क्लोरामाइनने तर हमखास. डायलिसिस केंद्राशी आधी बोला. घरात पाळलेल्या माशांचंही तसंच, कल्ल्यांतून दोन्ही रसायनं सरळ रक्तात उतरतात. "रात्रभर ठेवलेलं पाणी चालतं" हा जुना सल्ला क्लोरीनपुरता ठीक आहे. क्लोरामाइन इतक्या लवकर उडत नाही आणि बदलाच्या दिवसांत नळाला नेमकं काय येतंय ते सांगता येत नाही. माशांच्या टाकीत घालायचं, दोन्ही रसायनं निष्प्रभ करणारं वॉटर कंडिशनर वापरा.

मातकट वास वेगळा. पहिल्या पावसानंतर मृद्गंध ज्या जिओस्मिनमुळे येतो, तेच जलाशयात शेवाळ माजलं की पाण्यात उतरतं. चव बिघडते, अपाय होत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पेलाभर पाणी दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. तिथे वास नसेल तर दोष बेसिनच्या मोरीचा.

सूचना उठली की लगेच प्यायला सुरुवात

पुरवठा सुरक्षित झाला तरी तुमच्या नळीत, गीझरमध्ये आणि टाकीत जुनंच पाणी असतं. सगळे नळ थोडा वेळ वाहू द्या, गीझर रिकामा करून भरा, फिल्टरची कार्ट्रिज बदला. टाकी उपसून धुतल्याशिवाय तिच्यातलं पाणी पिण्यासाठी घेऊ नका.