लहान मूल आणि कुत्रं: ओळख कशी करून द्यावी

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा दीडेक वर्षाची होती. गावठी, तांबूस, अंगावर पांढरे ठिपके. भाची तेव्हा साडेचार वर्षांची. पहिल्याच दिवशी भाची हात पसरून ओरडत धावली आणि बुंदी जी सोफ्याखाली गेली ती तासभर बाहेर आली नाही. त्यात भर म्हणून आम्ही मोठी माणसं "घाबरू नकोस, हात लाव, काही करत नाही ती" असं भाचीला सांगत होतो. बुंदीला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून घरात एकच नियम केला: मुलाने कुत्र्याकडे जायचं नाही, कुत्र्याला मुलाकडे येऊ द्यायचं. पुढचं सगळं त्या नियमातूनच निघतं.

आधी जागा आखा

कुत्र्याला एक कोपरा हवा, जिथे मूल कधीच जाणार नाही. आम्ही बाल्कनीच्या दाराजवळ जुनी गोधडी घातली आणि पुढ्यात फरशीवर लाल चिकटपट्टी लावली. लंगडी खेळणाऱ्या मुलांना रेघ म्हणजे काय ते चटकन कळतं. "हे बुंदीचं घर" एवढं सांगणं पुरलं. ज्या कुत्र्याला निघून जायला जागा असते त्याच्यावर गुरगुरायची वेळ सहसा येत नाही.

जंताचं औषध आणि रेबीजची लस ही कामं त्याआधीच उरकून घ्या. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे.

मग नुसतं एका खोलीत बसा

पहिले काही दिवस हात लावणं नाहीच. कुत्रं पट्ट्यात, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात, पण सैल. मूल पलीकडे जमिनीवर चित्रं काढत बसलेलं. दहा मिनिटं पुरे. अधूनमधून मुलाने उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा छोटा तुकडा कुत्र्याच्या दिशेने टाकायचा. हातात धरून बोलवायचं नाही, टाकायचाच. म्हणजे खाऊसाठी कुत्र्याला मनाविरुद्ध जवळ यावं लागत नाही, आणि हे छोटं माणूस आलं की काहीतरी चांगलं मिळतं हे त्याच्या डोक्यात बसतं. कुत्रं आपणहून जवळ येऊ लागलं की तुकडा तळहातावर ठेवून द्या. प्रसाद घेताना हात धरतो तसा, पण बोटं सरळ आणि हात खाली. चिमटीत धरलेल्या तुकड्याबरोबर बोटही दातात येतं.

हात लावायचा तो तीन मोजून

डोक्यावर वरून येणारा हात बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. छातीवर किंवा खांद्याजवळ हात फिरवायचा, मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रं आणखी जवळ सरकलं तर पुन्हा तीन. तोंड फिरवलं, उठून गेलं, तर आजचं झालं. मुलांना हा खेळ फार आवडतो. आकडे पाठ होतात ते वेगळंच.

चेहरा वाचायला शिकवा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. झोप नसताना दिलेली जांभई, सारखे ओठ चाटणं, मान दुसरीकडे वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ होणं: हे सगळं कुत्र्याचं "नको" आहे. शेपूट हलतेय म्हणजे खूशच, असंही नाही. अंग ढिलं ठेवून कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि वर ताठ धरून टोकाशीच थरथरणारी वेगळी. मुलाने कुत्र्याला मिठी मारलेले फोटो लोक कौतुकाने पाठवतात. त्यात एकदा कुत्र्याचा चेहरा बघा.

आणि गुरगुरलं म्हणून कुत्र्याला कधीच दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावेल. मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि नेमकं काय खटकलं ते शोधा.

स्टॅच्यू!

कुत्रं अंगावर उड्या मारू लागलं तर मूल किंचाळत पळतं, कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि ते मागे लागतं. त्यावर आपला जुना स्टॅच्यूचा खेळ कामी येतो: जागीच थांबायचं, हात छातीशी, नजर स्वतःच्या पायांकडे. पडलंच तर कासव व्हायचं, म्हणजे गुडघे पोटाशी, हात मानेवर आणि कानांवर. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांसमोरही हेच. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ मात्र अजिबात जायचं नाही.

कुत्रं खाताना, झोपलेलं असताना किंवा काही चघळताना मुलाला लांब ठेवा. दिवाळीत फटाके चालू असतानाही. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत दोघांना एकटं सोडू नका. "मी इथेच स्वयंपाकघरात आहे" याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत. हात पोचेल इतक्या अंतरावर असा.

भाचीने एकदा शिऱ्यातले बेदाणे वेचून बुंदीसाठी बाजूला ठेवले होते. प्रेमानेच, पण बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे कुत्र्याला विषासारखं. खाऊ मोठ्यांना विचारूनच द्यायचा, हा आमच्याकडचा दुसरा नियम त्या दिवसापासून.

एवढं करूनही दात किंवा ओरखडा लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्रं घरचं आणि लस दिलेलं असलं तरी.

किती दिवस लागतात ते कुत्र्यावर आहे. बुंदीने लाल पट्टी ओलांडून भाचीच्या चित्रकलेच्या वहीशेजारी अंग टाकलं तेव्हा दीड महिना उलटला होता. भाची हळूच म्हणाली, "तीन मोजू?" बुंदीने जांभई दिली आणि मान वळवली. "नको म्हणतेय," असं मला सांगून भाची पुन्हा रंगवायला लागली.