पॉडकास्ट पारखायचा कसा, सुचवायचा कसा?

नवा पॉडकास्ट पारखायचा असेल तर आपल्याला नीट ठाऊक असलेल्या विषयाचा भाग आधी लावा. बोलणाऱ्यानं अभ्यास केलाय की नुसतं पाल्हाळ लावलंय, ते दहा मिनिटांत कळतं. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’ची सुरुवात मी सम्राट अशोकावरच्या भागानं केली, आणि मग तो सुटलाच नाही. १९९८पासूनचे हजारावर भाग आहेत, दर भागात एकच विषय!

एखादा पाहुणा आवडला तर ॲपमध्ये त्याचंच नाव शोधा.

सुचवताना मात्र ‘छान आहे, ऐक’ एवढ्यावर सोडू नका. एकच भाग पाठवा. मावशीला एक मुलाखत पाठवताना मी लिहिलं, “पहिली चार मिनिटं जाहिरात आहे, पाचव्यापासून लाव. पोळ्या लाटेपर्यंत संपेल.” तिनं त्याच दिवशी ऐकली.