दिव्यांग दाखल्यासाठी मेडिकल बोर्डासमोर जाताना

माझ्या दादाला वीस वर्षांहून जास्त काळ स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. दिव्यांग दाखल्यासाठी त्याला पहिल्यांदा मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांगत्व किती टक्के ते ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांसमोर नेलं, त्या दिवशी मी पहाटे उठून त्याची दाढी केली, नखं कापली, इस्त्रीचा शर्ट घातला. सरकारी डॉक्टरांसमोर आपलं माणूस नीटनेटकं दिसावं, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ रोज करता का?"

"हो, रोज," सोबत आलेले मामा म्हणाले.

"जेवण?"

"स्वतःच जेवतो."

एकही उत्तर खोटं नव्हतं. दादा रोज आंघोळ करतो, कारण मी न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असते आणि एकेक सांगत जाते: शर्ट काढ, पाणी घे, आता साबण, आता डोक्यावर पाणी. पण हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दाखला आला तो ४० टक्क्यांच्या खालचा.

हा ४० चा आकडा आधी समजून घ्या, कारण सगळी दारं तिथेच उघडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला वेगळं स्थान आहे. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, आयकरातली सूट हे सगळं त्या रेषेच्या पलीकडे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांग म्हणून मदत हवी असेल तरी हीच रेषा, आणि तिथे उत्पन्नाची अट वेगळी. काही लाभांना ८० टक्के लागतात. यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे रंगसुद्धा त्यावरूनच आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळं, ८० आणि पुढे निळं.

बोर्ड आजाराला टक्के देत नाही, हे मला फार उशिरा कळलं. उपचार घेऊन झाल्यावरही माणसाला काय करता येत नाही, ते मोजतात. "स्किझोफ्रेनिया आहे" एवढं लिहिलेली चिठ्ठी म्हणजे फक्त आत जायचं तिकीट.

मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे याचे आणखी गुण, जास्तीत जास्त ४. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची रेषा ओलांडली. आता बघा, स्वतःच्या काळजीच्या रकान्यात दादाला शून्य मिळालं असेल तर ते माझ्या इस्त्रीच्या शर्टामुळे. मी रोज दोन तास घालवून जे उभं केलं होतं, ते बोर्डाला त्याचं स्वतःचं वाटलं. वाटणारच, त्यांच्यासमोर माणूस दहा मिनिटंच असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: बोर्डाच्या तारखेआधी किमान महिनाभर वही ठेवा. वही साधी चालेल, पण त्यात "त्रास होतो", "खूप वाईट अवस्था आहे" असं लिहू नका, त्यातून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. काय घडलं, किती वेळा घडलं आणि कुणाची मदत लागली, हे लिहा. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "सकाळी गोळ्या हातात दिल्या, समोर उभं राहून गिळायला लावल्या." "आठवड्यात चार दिवस आंघोळीला अर्धा तास समजवावं लागलं." "दुकानात एकटा गेला, पैसे देऊन वस्तू न घेता परत आला." "शेजारचे काका बोलायला आले, उत्तर न देता आत निघून गेला." चांगले दिवसही लिहा. ज्या दिवशी तो स्वतःहून उठून तयार झाला, तोही मी लिहिला. मला खोटं काही मिळवायचं नव्हतं, आणि सगळी पानं काळीच असतील तर डॉक्टरांचा विश्वास बसत नाही.

दुसरं, सोबत कोण जाणार ते नीट ठरवा. मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा ऑटिझम असेल तर घरच्यांकडून मिळालेली माहिती हा तपासणीचाच भाग असतो. जो माणूस रोज सांभाळतो त्यानेच जावं, मग तो घरात वयाने लहान का असेना. पहिल्या वेळी आमचे मामा पुढे होऊन बोलत होते. मोठे म्हणून मी गप्प बसले. मामांना दादाचं औषध कोणतं तेही माहीत नव्हतं.

आपल्या घरांतून आणखी एक गोष्ट फार होते. लकव्याने एक बाजू गेलेले आजोबा बोर्डासमोर ताठ बसतात आणि "जिना चढता येतो का?" या प्रश्नावर "येतो की" म्हणतात. त्यांच्या लेखी कठड्याला धरून, मागे नातवाला उभं करून, मध्ये दोनदा थांबून चढणं म्हणजे चढता येणंच. त्या मानी माणसाला घरीच शांतपणे सांगा: "आजोबा, किती वेळ लागतो आणि कुणाचा आधार लागतो, तेवढं पूर्ण सांगा." कमी सांगू नये आणि वाढवूनही सांगू नये. हातातली ताकद, सांध्याची हालचाल या गोष्टी डॉक्टर हाताने तपासतात, तिथे सोंग टिकत नाही.

कागदांत सगळ्यात मोलाचे कागद जुने असतात. पहिल्या उपचाराची चिठ्ठी, दवाखान्यात दाखल असल्यास डिस्चार्ज कार्ड, मधल्या वर्षांचे ओपीडीचे कागद हे सगळं तारखेप्रमाणे लावा. दादाचे पहिल्या सहा वर्षांचे कागद आम्ही घर बदलताना रद्दीत दिले होते. जुन्या दवाखान्यात जाऊन मी नोंदवहीवरून लेखी दाखला मागितला आणि तो मिळाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नवा सारांश घ्या, आणि औषधं चालू असूनही काय जमत नाही ते त्यात लिहायची विनंती करा. बहुतेक डॉक्टर निदान आणि गोळ्या लिहून थांबतात.

इतर दिव्यांगत्वाबद्दल थोडक्यात सांगते, कारण आता ओळखीपाळखीतल्या बऱ्याच लोकांचे अर्ज मी भरून देते आणि गैरसमज तेच तेच दिसतात. डोळे चष्मा लावून तपासतात आणि चांगल्या डोळ्याला महत्त्व असतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३० टक्के होतात. कानाचंही तसंच आहे. चांगल्या कानाचे टक्के पाचपट धरतात, त्यात दुसऱ्या कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणजे एक कान पूर्ण बंद, दुसरा ठणठणीत, तर सुमारे १७ टक्के. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. पायाचे ४० आणि कानाचे ३० मिळून ७० होत नाहीत, सूत्राने सुमारे ५७ येतात. पण एकाच प्रकाराचा अर्ज करून दुसरा लपवू नका, कारण ३५ वर अडकलेला माणूस याच सूत्राने पुढे गेल्याचं मी पाहिलं आहे.

कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या जखमा हे नव्याने आले. मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार यादीत नाहीत. पण मधुमेहाने पाय कापावा लागला किंवा दृष्टी गेली, तर त्या पायासाठी, त्या दृष्टीसाठी अर्ज करता येतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या यूडीआयडीच्या वेबसाइटवर करायचा. जून २०२१ पासून दाखला ऑनलाइनच देणं बंधनकारक आहे. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि वैद्यकीय कागद लागतात. रुग्णालय आपल्या राहत्या जिल्ह्यातलं निवडा. आधारवरचं नाव आणि दवाखान्याच्या कागदांवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. पावतीवरचा नोंदणी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मोबाइलमधला फोटो ऐन वेळी सापडत नाही.

दाखला मनासारखा आला नाही तर रडत बसू नका. मी आठ दिवस बसले, ते वाया गेले. कायद्याच्या ५९ व्या कलमाने अपिलाचा हक्क दिला आहे, आणि राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ते करता येतं. "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच न लिहिता काय बघायचं राहिलं ते लिहा. मी लिहिलं होतं: तपासणीत रोजची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारले गेले नाहीत, सोबत एक महिन्याची नोंदवही जोडत आहे.

फेरतपासणीच्या दिवशी दादाने स्वतः काढलेला शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागलेली. माझा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मी मागे घेतला. डॉक्टरीणबाईंनी वहीची पानं उलटली, आंघोळीच्या नोंदीवर थांबल्या आणि मला विचारलं, "तुम्ही दाराबाहेर उभ्या राहिला नाहीत तर काय होतं?" मी सांगितलं, "तो तिथेच कोरडा उभा राहतो, बाई. एकदा पाऊण तास उभा होता."

या वेळी दाखला ४० च्या पुढचा आला, पण तात्पुरता. अवस्था बदलण्याची शक्यता वाटली तर बोर्ड मुदत घालून देतं, आणि ती संपली की लाभही अडतात. मुदतीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, आणि तिच्या तीन महिने आधी आणखी एक खूण केली आहे. त्या दिवसापासून नवी वही सुरू करायची.