छोटी सामाजिक संस्था चालवताय? या चुका टाळा

संस्था नोंदवताना सगळे उत्साहात असतात. सात जण जमतात, घटना लिहून होते, धर्मादाय कार्यालयातून प्रमाणपत्र येतं, त्याला काचेची फ्रेम लागते. घोळ कळतो तो 15 वर्षांनी. अध्यक्ष वारलेले, खजिनदार मुलाकडे बंगळुरूला, आणि बँक म्हणते, सह्या बदलायच्या तर शेड्यूल 1 चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा आणा. उताऱ्यावर नावं अजून त्या पहिल्या सातांचीच!

मी पाहिलेल्या अडकलेल्या संस्थांपैकी बहुतेक इथेच अडकल्या होत्या, पैशांवाचून नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे दप्तरी नोंदलेल्या बाबींत, म्हणजे विश्वस्त, पत्ता, मालमत्ता वगैरेंत, बदल झाला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. निवडणूक झाली, इतिवृत्त लिहिलं, पेढे वाटले, अर्ज राहिला. पुढच्या निवडणुकीचाही राहिला. मग आजच्या कार्यकारिणीचा अर्ज तपासताना प्रश्न निघतो: हिला निवडणारी सभा बोलावली कोणी? ज्यांनी बोलावली, त्यांचीच नावं दप्तरी नाहीत.

अडकलाच असाल, तर मधले टप्पे गाळून शेवटचा अर्ज पुढे दामटू नका. सर्वात जुन्या राहिलेल्या बदलापासून क्रमाने चला आणि प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, सोडून गेलेल्यांचे राजीनामे, सगळं गोळा करा. जुनं इतिवृत्त सापडत नसेल तर ‘नव्याने लिहा, मागची तारीख टाका’ असा सल्ला कोणीतरी हमखास देतं. 2011 ची सभा परवा घेतलेल्या कोऱ्या वहीत लिहिलेली कोणालाही ओळखू येते. त्यापेक्षा जे घडलं ते शपथपत्रावर सांगा. वेळ लागेल, चार खेपा जास्त होतील, पण अर्जावर खोटेपणाचा डाग राहणार नाही.

याच कायद्यानुसार संस्थेची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कर्ज काढायलाही. विसार घेऊन मग वकिलाकडे जाऊ नका.

पैशांचं थोडक्यात. 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला आयकरातली 80जी ची सवलत मिळत नाही. पावती फाडणाऱ्या कार्यकर्त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. तो पाच हजार रोख घेतो, वर ‘साहेब, टॅक्स वाचेल’ असंही सांगतो. पॅन नंबर पावतीच्या वेळीच घ्या. वर्षभराच्या देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला 31 मेपर्यंत द्यायचं असतं आणि उशीर झाला की दिवसाला 200 रुपये मोजावे लागतात.

मुलांच्या बाबतीत चांगुलपणाच नडतो. अभ्यासवर्ग चालवणारी संस्था म्हणते, या दोघांना घरी कोणी नाही, राहू देत इथेच. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं; 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, ते मदत करतात. बाल न्याय अधिनियम, 2015 खालची नोंदणी नसताना अशी मुलं निवासी ठेवणं हा गुन्हा आहे. अशा मुलाचा चेहरा, नाव, शाळा देणगीच्या पत्रकावर छापणंही बेकायदा. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर ‘आधी आपण चौकशी करू’ हा विचार सोडा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

वृद्धाश्रमांत वेगळंच. वाढदिवसाची जेवणं घालणारे सगळे रविवारीच येतात, आणि मधुमेही आजोबांच्या ताटात एकाच दिवशी दोनदा गुलाबजाम पडतो. दात्याला मेनू आपण सांगावा. राग येत नाही कोणाला.

आणखी एक चूक आमची स्वतःची. एका आजींचं पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड सोयीसाठी कार्यालयाच्या कपाटात ठेवलं होतं. त्या गेल्यावर भाच्याने हिशेब मागितला. हिशेब बरोबर होता, पण दाखवायला फक्त आमच्याच हाताने लिहिलेली वही होती, आजींची सही एकाही पानावर नव्हती. आता पैसे काढायला त्यांच्यासोबत माणूस जातो. पासबुक त्यांच्याच उशाशी राहतं.